भाऊ 'फक्त वीकेंडलाच' कोकेन घेतो, डॉक्टर नको म्हणतो. मग नेमकी भीती कशाची?

ताईंनी जे विचारलंय ते थोडक्यात असं. धाकटा भाऊ ३२ चा, मुंबईत जाहिरातीच्या धंद्यात, पगार उत्तम, लग्न ठरायच्या बेतात. दीड-दोन वर्षांपासून शुक्रवार-शनिवार कोकेन घेतो, हे ताईंना त्याच्या जीन्सच्या खिशात सुरळी केलेली पाचशेची नोट आणि एक इवलंसं झिप-लॉक पाकीट सापडलं तेव्हा कळलं. विचारलं तर तो शांतपणे म्हणाला, मी काय ऍडिक्ट आहे का, सोमवारी साडेनऊला ऑफिसात असतो, कोणाचे पैसे बुडवलेत का, तुम्ही लोक उगाच पिक्चर बघून घाबरता. ताईंचा प्रश्न असा की हा खरं बोलतोय का, धोका नेमका किती, आणि ट्रीटमेंटला येत नाही म्हटल्यावर आपण करायचं काय.

मी वीसेक वर्षं व्यसनमुक्तीच्या ओपीडीत बसतोय, दारू आणि गर्दवाले जास्त बघितले, कोकवाले त्या मानाने कमी, पण गेल्या सात-आठ वर्षांत वाढलेत. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा. आणि खाली जे पेशंट येतील त्यांचे तपशील मी बदललेत, ओळख लागू नये म्हणून.

पहिली गोष्ट, ताई, 'तू ऍडिक्ट आहेस की नाहीस' हा वाद घालणं आजपासून बंद करा. हा वाद तो जिंकणार, कारण त्याच्या डोक्यात ऍडिक्ट म्हणजे स्टेशनच्या पुलाखाली पडलेला माणूस आणि तो काही तसा नाहीये. आणि खरं सांगू का, कदाचित तो अजून पक्का व्यसनी नसेलही. पण माझ्या बघण्यात असं आलंय की जे लोक ट्रीटमेंटच्या बाहेर आहेत त्यांना दणका बसतो तो व्यसनामुळे कमी आणि त्या रात्री कोकच्या आजूबाजूला ज्या चार-पाच सवयी असतात त्यामुळे जास्त. वर्षातून सहा वेळा घेणारा पण त्यात सापडतो. म्हणून मी नेहमी विचारतो की किती घेतो हे नंतर सांग, आधी मला तुझा शनिवार सांग, संध्याकाळी सात ते रविवार दुपार, जसाच्या तसा.

आम्ही डॉक्टर लोक पण ह्यात थोडे आंधळे असतो, हे कबूल करायला पाहिजे. आमच्याकडे येतो तो जो फुटलाय, नोकरी गेलेली, बायको माहेरी गेलेली, त्यामुळे आम्हाला वाटतं सगळे असेच होतात. जे आमच्यापर्यंत येतच नाहीत त्यांचं काय, हे बघायला बाहेर जावं लागतं, आणि तसं काही जणांनी केलंय. ॲमस्टरडॅममध्ये पीटर कोहेन नावाच्या संशोधकाने १९८७ मध्ये असे १६० कोकेनवाले शोधले जे ना दवाखान्यात होते ना जेलमध्ये, नोकरी-धंदा करणारे साधे लोक. त्यातल्या बऱ्याच जणांनी स्वतःचे नियम घालून घेतले होते, कामाच्या दिवशी नाही, अमुक लोकांसोबत नाही, आणि बरेच जण काही काळ जास्त घेऊन परत कमीवर आले होते. म्हणजे तुमचा भाऊ म्हणतो तसे लोक असतात, नसतात असं नाही. हे मी मुद्दाम सांगतोय कारण 'एकदा घेतलं की संपलं' असं त्याला सांगितलंत तर तो हसेल, कारण त्याच्या ग्रुपमध्ये दहा जण आहेत आणि दहाच्या दहा संपलेले नाहीत. एकदा तो हसला की पुढचं काही ऐकणार नाही.

पण त्याच कोकेनची दुसरी बाजू. अमेरिकेत न्यूयॉर्क, मायामी आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या गरीब वस्त्यांत रस्त्यावरून १८ ते २९ वयाची पोरं-पोरी घेऊन एक मोठा अभ्यास झाला, १९९४ ला छापून आला. क्रॅक म्हणजे ओढायचं कोकेन, ते घेणाऱ्यांत एचआयव्ही १५.७ टक्के आणि न घेणाऱ्यांत ५.२ टक्के. ह्यातल्या कोणी सुई घेतलेली नव्हती बरं का. पैशासाठी किंवा मालासाठी सेक्स, तोही कंडोमशिवाय, हे कारण. व्हँकुव्हरमध्ये १९९६-९७ च्या सुमारास सुई घेणाऱ्यांत एचआयव्ही असा भडकला की सुया फुकट वाटायचा मोठा कार्यक्रम चालू असून पण आवरेना, आणि पुढे बघितलं तर कोकेन टोचणारे त्यात सगळ्यात पुढे. का, तर हेरॉइन दिवसातून तीन-चार वेळा टोचलं की भागतं, कोकेनची नशा पंधरा-वीस मिनिटांत उतरते, मग माणूस दिवसात वीस वेळा सुद्धा टोचतो, तेवढ्या स्वच्छ सुया आणणार कुठून. रसायन तेच, पण कसं घेतो, कोणाबरोबर घेतो, खिशात पैसे किती, ह्यावर सगळा खेळ. आपल्याकडे कोकेन टोचणारा मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच बघितलाय, आपलं सगळं नाकाने, म्हणून आपले धोके वेगळे आणि ते कोणी नीट सांगत नाही.

आपल्या देशात आकडा छोटा आहे. केंद्र सरकारसाठी एम्सने जो मोठा सर्व्हे केला, २०१९ ला रिपोर्ट आला, त्यात कोकेन घेणारे ०.१० टक्के, म्हणजे हजारात एक. भांग-गांजा, अफू-गर्दसमोर काहीच नाही. त्यामुळे झालंय काय की आपल्या कॅज्युअल्टीत कोकेनचा विचारच कोणाच्या मनात येत नाही. (तसं मुंबईला कोकेन नवं नाही, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबई, कलकत्ता, दिल्लीत लोक पानात घालून खायचे, चुना असल्यामुळे ते तोंडात चांगलं शोषलं जायचं. मधे विसरलो आपण.)

आता शनिवारवर येऊ. सगळ्यात आधी दारू, आणि ह्यावर मी जास्त वेळ घालवणार आहे कारण माझ्या मते सगळ्यात मोठा घोळ इथे आहे. कोक घेणारा नुसतं कोक घेणारा मला क्वचित भेटतो. आधी दोन पेग, मग लाइन म्हणजे नाकाने ओढायची पावडरची रेघ, मग परत पेग. कोकेनमुळे दारू चढल्यासारखी वाटतच नाही, जीभ अडखळत नाही, डोळे टक्क उघडे, म्हणून जो माणूस एरवी तीन पेगवर थांबतो तो आठवर जातो आणि वर सांगतो की सर, मला त्या रात्री दारू चढलीच नाही. चढली होती हो, कळत नव्हती एवढंच. कोकेन शरीरातून लवकर जातं, तासाभरात निम्मं, दारू तशी जात नाही. मग रात्री अडीचला पार्टी संपते, शेवटची लाइन मारून तास-दीड तास झालेला, हा गाडीची किल्ली घेतो कारण एकदम फ्रेश वाटतंय, आणि सी लिंकवर असताना कोकेन उतरतं आणि आठ पेग एकदम अंगावर येतात. माझ्याकडे आलेल्या दोघांचा ॲक्सिडेंट असाच, दोघांचं म्हणणं शब्दशः सारखं, 'निघालो तेव्हा मी ठीक होतो'.

दुसरं म्हणजे दारू आणि कोकेन एकत्र आलं की यकृतात त्या दोघांचं मिळून तिसरंच एक रसायन बनतं, कोकाएथिलीन. ते कोकेनपेक्षा जास्त वेळ रक्तात राहतं आणि हृदयाला जास्त त्रास देतं. पोरांना ते आवडतं कारण नशा गोल होते, मऊ होते. म्हणून भावाला एकच गोष्ट कमी करायला सांगायची झाली तर मी म्हणेन दोन्ही एका रात्री नको. हे ऐकून काही जण माझ्यावर भडकतात की डॉक्टर असून तुम्ही कोकेन घ्यायची परवानगी देताय. परवानगी कसली, तो माझ्या परवानगीने घेत नाहीये ना. तो येईपर्यंत जिवंत रहायला पाहिजे, एवढंच माझं गणित.

आता छाती. मिटलमन नावाच्या संशोधकाने आणि त्यांच्या टीमने १९९९ ला हार्ट अटॅक आलेल्या जवळजवळ चार हजार लोकांच्या मुलाखतींवरून एक हिशोब मांडला होता, कोकेन घेतल्यावर पहिल्या तासात अटॅकचा धोका त्याच माणसाच्या एरवीच्या धोक्याच्या साधारण २४ पट होतो, आणि पुढे झपाट्याने खाली येतो. ह्यात नळ्या ब्लॉक असायलाच पाहिजेत असं नाही. कोकेनने हृदयाची नळी आकसते, रक्ताची गुठळी लवकर होते, नाडी आणि बीपी वर जातं, म्हणजे हृदयाला रक्त जास्त पाहिजे त्याच वेळी कमी मिळतं. त्यात सिगरेट, कोकसोबत एकामागून एक पेटवतातच, ती नळी अजून आवळते. पस्तिशीचा जिमवाला पोरगा, कोलेस्टेरॉल नॉर्मल, त्याला हे होऊ शकतं.

आणि आपल्या लोकांचा घोळ काय, तर 'गॅस झालाय'. एक पेशंट, ३६ वर्षांचा, सीए, मला एका हृदयरोगतज्ज्ञाने पाठवलेला. रविवारी पहाटे चारला छातीत दडपण, डाव्या खांद्यात कळ, घाम. त्याने काय केलं, फ्रिज उघडून थंड दूध प्यायला, मग ईनो घेतलं, मग बायको उठू नये म्हणून हॉलमध्ये सोफ्यावर उशी उभी करून बसून राहिला सकाळी नऊपर्यंत. पाच तास. नऊला बायकोने त्याचा चेहरा बघितला आणि सरळ हॉस्पिटल. तिथे सिगरेट विचारली, दारू विचारली, शुगर विचारली, वडिलांना हार्टचं काही होतं का विचारलं, बाकी काही घेता का हे कोणी विचारलं नाही आणि ह्याने सांगितलं नाही, कारण बायको शेजारी उभी होती. तिसऱ्या दिवशी ती डबा आणायला घरी गेली तेव्हा एका ज्युनिअर डॉक्टरला हळूच बोलला. मी विचारलं, अरे पाच तास बसून का राहिलास, तर म्हणाला, सर, मला माहीत होतं हे गॅस नाहीये, पण हॉस्पिटलला गेलो तर विचारतील काय घेतलं.

मी ज्याला ट्रीटमेंटबाहेरचा धोका म्हणतो तो हा. कोकेनचा धोका आहेच, पण लपवण्याचा वेळ त्याच्यात मिळवा.

डॉक्टरला सांगणं का महत्त्वाचं, नुसतं प्रामाणिकपणा म्हणून नाही, उपचार बदलतात. कोकेनच्या छातीदुखीत आधी बेंझोडायझेपिन म्हणजे शांत करणारं इंजेक्शन देतात, नेहमीचे बीटा ब्लॉकर म्हणजे नाडी-बीपी उतरवणारी औषधं त्या वेळी द्यायचे की नाही ह्यावर डॉक्टरांतच वाद आहे आणि बहुतेक जण टाळतात. आता आपली मंडळी काय करतात, धडधड होते म्हणून मित्राच्या घरातली प्रोप्रानोलॉलची गोळी, म्हणजे बीटा ब्लॉकरच, स्वतःच घेतात. नको. आणि अजून एक, ह्यावर कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. कोक घेतल्यावर इच्छा वाढते पण शरीर साथ देत नाही, म्हणून बऱ्याच पुरुषांच्या खिशात सिल्डेनाफिल म्हणजे व्हायाग्रातलं औषध असतं, मेडिकलवर सहज मिळतं. मग छातीत दुखलं की घरातलं कोणीतरी आजोबांची सॉर्बिट्रेट ही हृदयाची गोळी जिभेखाली ठेवतं, आपल्याकडे प्रत्येक घरात ती असतेच. सिल्डेनाफिल घेतल्यावर २४ तासांत सॉर्बिट्रेट म्हणजे बीपी धाडकन खाली, त्याच जातीचं टाडालाफिल असेल तर ४८ तास. घरच्यांना बिचाऱ्यांना वाटतं आपण जीव वाचवतोय.

मग झोप. पहाटे पाचला पार्टी संपली, डोकं चालूच, दात करकर आवळलेले, सोमवारी प्रेझेंटेशन. अल्प्राझोलम, झोल्पिडेम, जे मिळेल ते, दारूच्या वरून. दारू आणि झोपेच्या गोळ्या एकत्र म्हणजे श्वास मंदावतो, हे वेगळं सांगायला नको. पण हळू येणारा धोका असा की वर्षभराने माणसाला कोकेनचं नाही तर अल्प्राझोलमचं व्यसन लागलेलं असतं. ती अचानक सोडली तर फिट येऊ शकते. मी तीन-चार जण असे बघितलेत जे 'कोकसाठी' म्हणून आले आणि आधी गोळी सोडवण्यातच दोन-तीन महिने गेले. ट्रामाडोल ही अफूवर्गातली दुखण्यावरची गोळी घेणारे पण असतात, ते तर कोकेनसोबत फिट आणण्यात अजून पटाईत.

गोव्याला जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. कोकेनने शरीराचं तापमान वाढतं आणि गंमत म्हणजे माणसाला गरम होतंय हे कळत नाही, तो नाचत राहतो. न्यूयॉर्कमध्ये १९९० ते ९५ ह्या वर्षांतले कोकेनचे मृत्यू तपासले तर ज्या दिवशी पारा ३१.१ अंशांच्या वर गेला त्या दिवशी मृत्यू ३३ टक्के जास्त. आता मला सांगा, पावसाळा सोडला तर आपल्या किनाऱ्यावर ३१ च्या खाली दुपार कधी असते. अंग तापलंय, बडबड असंबद्ध, घाम यायचा बंद झालाय, अशा माणसाला 'झोपू दे, उतरेल' म्हणून खोलीत कोंडू नका. कपडे सैल, पंखा, ओलं फडकं, बर्फ मिळाला तर काखेत आणि जांघेत, आणि १०८.

आता माल काय आहे ते. भाऊ म्हणेल आमचा माणूस चांगला आहे, प्युअर देतो. प्रत्येकाचा माणूस चांगलाच असतो. कोकेन दक्षिण अमेरिकेतून इथपर्यंत चार हात बदलून येतं, महाग, आणि दुसरीकडे एमडी म्हणजे मेफेड्रोन इथेच बनतं, २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी कुरकुंभ एमआयडीसीत कारखाना पकडला तो तुम्ही वाचला असेल. स्वस्त पांढरी पावडर महाग पांढऱ्या पावडरीत मिसळायला कोणाला आवडणार नाही. एमडी जास्त वेळ टिकतं, कोकच्या अंदाजाने माणूस लाइनवर लाइन मारत गेला तर दोन दिवस झोप नाही, संशय, भिंतीमागे कोणीतरी आहे असं वाटणं. आमच्याकडे 'कोक घेतो' म्हणून आलेल्यांची लघवी तपासली तर कधीकधी कोकेनचा पत्ताच नसतो. जगभर कोकेनमध्ये लेव्हामिसोल नावाचं जंताचं औषध मिसळलेलं सापडलंय, त्याने पांढऱ्या पेशी घसरतात. वारंवार घसा धरतो, ताप येतो असं असेल तर एक साधा सीबीसी म्हणजे रक्तपेशींची तपासणी करून घ्या. २०२२ च्या फेब्रुवारीत ब्यूनोस आयर्सला कोकेनमध्ये कारफेंटानिल हे अफूवर्गातलं जबरदस्त तीव्र औषध मिसळलेलं निघालं आणि दोन-तीन दिवसांत २० हून जास्त माणसं गेली.

ज्यांची मुलं-भाऊ अमेरिका-कॅनडात आहेत त्यांच्यासाठी इथेच सांगून टाकतो, तिकडे कोकेनमध्ये फेंटानिल (हेही अफूवर्गातलंच) सापडणं ही रोजची गोष्ट आहे आणि कोकवाल्याच्या शरीराला अफूवर्गाची सवय नसते त्यामुळे थोड्यात जातो. नॅलोक्सोन म्हणजे अफूवर्गाचा असर उलटवणारं औषध, त्याचा नाकात मारायचा स्प्रे अमेरिकेत २०२३ पासून बिनचिठ्ठीचा मिळतो, कॅनडात त्याच्या आधीपासून, घरात असू द्या, आणि एकट्याने दार लावून घेऊ नका.

नाकाचं थोडक्यात. पाचशेची नोट किंवा स्ट्रॉ पाच जणांत फिरते, प्रत्येकाच्या नाकातून थोडं रक्त येतच असतं, हेपटायटिस सी अशाने पसरू शकतो. स्वतःची नळी स्वतःपाशी, कोणाला देऊ नये, कोणाची घेऊ नये. नाकातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला असेल तर पडद्याला भोक पडलंय, ईएनटीला दाखवा आणि खरं सांगा, नाहीतर तो बिचारा सायनसचे उपचार करत बसेल. सेक्सबद्दल, कंडोम राहिला असेल तर ७२ तासांच्या आत डॉक्टरला पीईपी म्हणजे एचआयव्ही लागू नये म्हणून नंतर घ्यायच्या गोळ्या विचारायच्या, सकाळी जितक्या लवकर तितकं चांगलं, एचआयव्ही तपासणी सरकारी आयसीटीसी केंद्रात फुकट आणि गुप्त असते, १०९७ वर माहिती मिळते.

सोमवार-मंगळवारकडे मात्र लक्ष ठेवा, ताई. कोकेन उतरल्यावर जो उदासपणा येतो तो साध्या हँगओव्हरसारखा नसतो. एकदम रिकामं, सगळं संपलंय असं वाटतं, त्यात दारूचा उतार, त्यात दोन रात्रींची झोप बाकी, त्यात बँक बॅलन्स बघितलेला. आत्महत्येचे विचार ह्या वेळी येतात आणि बुधवारी निघून जातात, म्हणून बुधवारी विचारलं तर माणूस 'छे, काही नाही' म्हणतो. मंगळवारी विचारा. सरळ विचारा, 'मरावंसं वाटतं का', विचारल्याने कोणाच्या डोक्यात विचार घुसत नाही. रात्री-अपरात्री टेलि-मानस १४४१६, मराठीत बोलतात.

कायद्याचं पण लोक अर्धवट ऐकून घाबरतात. एनडीपीएस कायद्यात कलम २७ खाली कोकेन घेण्याला एक वर्षापर्यंत शिक्षा किंवा २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दोन ग्रॅमपर्यंत ती छोटी मात्रा. पण हे लोक काय करतात, पाच मित्रांचा माल एकच जण आणतो आणि जीपेवर पैसे गोळा करतो. त्याच्या मते ती मैत्री, कायद्याच्या नजरेत तो देणारा, आणि दोन ग्रॅमच्या वर गेला की शिक्षा दहा वर्षांपर्यंत. तुमच्या भावाला हे नक्की विचारा, आणतो कोण. दुसरीकडे ६४अ कलम आहे, ते फार कमी लोकांना माहीत. सेवनाचा किंवा छोट्या मात्रेचा गुन्हा लागलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याच्यावर खटला चालत नाही, मात्र उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. आणि माझ्याकडे ओपीडीत आला म्हणून मी पोलिसांना फोन करत नाही, मानसिक आरोग्य कायदा २०१७ प्रमाणे ती माहिती गुप्त ठेवणं माझ्यावर बंधनकारक आहे. कॅज्युअल्टीत विषबाधा म्हणून एमएलसी म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद होऊ शकते, खोटं कशाला सांगू. तरी जा. एमएलसी निस्तरता येते.

आता तुम्ही काय करायचं. गपचूप रक्त-लघवी तपासू नका, सापडलं तर तुम्हाला आधीच माहीत असलेलंच सापडेल आणि विश्वास जाईल. रात्री गाडी पाठवून उचलून नेणारी सेंटर्स आहेत, चार पैलवान येतात, हात बांधतात, तीन महिने कोंडतात. कृपा करून त्या वाटेला जाऊ नका. तो माणूस तीन महिन्यांनी बाहेर येतो तो सगळ्यात आधी तुमच्यावर चिडलेला असतो, आणि सवय मोडल्यानंतर जुन्याच डोसने परत सुरू केलं तर शरीराला ते झेपत नाही. कोकेनसाठी अजून तरी मान्यताप्राप्त अशी एक गोळी नाही, जी काही कामं होतात ती बोलण्याची, सवयी बदलण्याची, त्याला यायला लावून होणारी. मुक्तांगण १९८६ पासून पुण्यात आहे, सरकारी मेडिकल कॉलेजांच्या मानसोपचार विभागात पण होतं, १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन. पण तो येत नाहीये हाच तर प्रश्न आहे ना.

त्याच्यासाठी क्राफ्ट नावाची एक पद्धत आहे, पेशंटला नाही तर घरच्यांना शिकवायची. १९९९ मध्ये अमेरिकेत १३० कुटुंबांवर तुलना केली होती, दारूच्या बाबतीत. घरच्यांना क्राफ्ट शिकवलं तिथे ६४ टक्के नाही-नाही म्हणणारे लोक उपचारांना आले, सगळ्यांनी मिळून घेरून सुनावलं तिथे ३०, आणि घरच्यांनी नुसतं स्वतःच्या सपोर्ट ग्रुपला जायचं ठेवलं तिथे १३. नंतर ड्रग्जवाल्यांच्या घरच्यांवर करून बघितलं तिथेही तसंच दिसलं. करायचं काय असतं, तर तो घेऊन आलेला असताना एक शब्द बोलायचा नाही, जेवण गरम करून द्यायचं नाही, ऑफिसला खोटा फोन करायचा नाही. आणि ज्या शनिवारी तो घेत नाही त्या शनिवारी त्याच्यासोबत बसायचं, मॅच, मिसळ, काय आवडतं ते. आपण नेमकं उलटं करतो, घेऊन आला की तीन तास भाषण आणि चांगला वागला की कोणाचं लक्ष नाही. मग जेव्हा तो स्वतः म्हणतो, 'यार, ह्या वेळी जरा जास्तच झालं', साधारण सोमवारी संध्याकाळी म्हणतो, तेव्हा तुमच्याकडे अपॉइंटमेंटचा नंबर तयार पाहिजे. त्याच आठवड्यातला. पुढच्या महिन्यातली अपॉइंटमेंट म्हणजे गेली ती वेळ.

आईबाबांना सांगायचं का? मी म्हणेन आत्ता लगेच नाही, त्याला सांगून मग. पण जिच्याशी लग्न ठरतंय तिला कळलं पाहिजे, आणि ते त्याने सांगायचंय, तुम्ही नाही. त्याला तारीख ठरवून द्या.

आणि ट्रीटमेंट नको म्हणत असेल तर ट्रीटमेंट म्हणूच नका. म्हणा, एक ईसीजी काढून घेऊ, बीपी बघू, तुझ्या वयात सगळेच काढतात. ईसीजी काढणारा माणूस छातीवर ते थंड जेल लावतो आणि सहज विचारतो, काही घेता का. माझे निम्मे कोकवाले पेशंट मला त्या टेबलावरून मिळालेत. तुम्ही तेव्हा खोलीच्या बाहेर थांबा.